कुल्लूच्या झाडापर्यंत

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं आणि मी वाकून आत शिरत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पळसटोलीहून शांतावहिनींचा. वहिनी कधी आपणहून फोन करत नाहीत. त्या घरात फोन हे दादाचं खातं. "भाऊजी, तुमचे दादा गेले," त्या म्हणाल्या. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. अंगणात खाटेवर बसून चहा घेतला, कप खाली ठेवला आणि आडवा झाला, एवढंच. मी फोन ठेवतो न ठेवतो तोच एक गिऱ्हाईक आलं, "चाचाजी, आधा किलो तीन इंची खिले देना" म्हणालं, आणि मी त्याला खिळे तोलून दिले. का दिले, कुणास ठाऊक. चाळीस वर्षं गोंदियात हार्डवेअरचं दुकान चालवलेल्या माणसाचे हात अशा वेळी आपले आपणच चालतात. तो गेल्यावर मी शटर खाली ओढलं आणि बाकावर बसलो. आणि खरं सांगतो, मला पहिल्यांदा दादाचा चेहरा आठवला नाही. मला आठवला मी त्याच्याशी बोललेला एक शब्द. "पोचलो." तो शब्द खोटा होता. तो परत घ्यायला माझ्याकडे अकरा महिने होते, आणि मी ते घालवले.

दामूदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सडक अर्जुनीच्या पलीकडे एका मोठ्या तलावाच्या काठी पळसटोली आहे, तिथे त्याची चार एकर धानाची शेती. पण ही पळसटोली नवी. जुनी पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा दादा बारा वर्षांचा होता. गाव उठलं, घरांची कवेलू आणि दारं बैलगाड्यांवर लादून लोक वर आले, आणि पाणी मागोमाग चढलं. गावामागची पहाडी तेवढी बुडायची राहिली. ती आता टापू आहे. लांबून पाहिलं तर पाण्यात जनावर बसल्यासारखी दिसते, आणि तिच्या पाठीवरून, म्हणजे धारेवरून, एक वाट शेवटच्या टोकापर्यंत जाते. त्या टोकाला मोहाच्या झाडाखाली तीन शेंदरी दगड आहेत, तो पहाडदेव. गाव उठलं तेव्हा खालच्या मातामायला लोकांनी वाजतगाजत नव्या गावात आणलं, पण पहाडदेव आला नाही. जुना पुजारी म्हणाला, हा देव उतरत नाही, आपणच चढायचं. तेव्हापासून रिवाज असा, की हलका, म्हणजे लवकर येणारा, धान कापला की पहिल्या लोंब्यांची एक जुडी डोंग्यातून टापूवर न्यायची, धार चढायची, देवापुढे ठेवायची, आणि मगच गावात नवा तांदूळ शिजवायचा. सुरुवातीला अर्धं गाव जायचं म्हणे. मग दहा जण, मग चार. म्हातारे गेले, पोरं तिरोड्याच्या वीज कारखान्यात आणि नागपूरला गेली. गेली पंधरा-वीस वर्षं एकटा दामूदादाच जात होता, आणि त्याच्या मागे धापा टाकत मी.

ती वाट ज्याने पाहिली नाही त्याला सांगणं कठीण आहे. कोणी ती राखत नाही. पाण्याच्या काठाला गुडघाभर चिखल, मग रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीचं, रान, इतकं दाट की सदरा अंगावर राहील याची खात्री नाही. त्यातून उभा चढ, पायाखाली सुटा मुरूम. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली घसरतं. तासाभराने धार लागते तेव्हा हायसं वाटतं, पण ते फसवं. धार कुठे बैलगाडीएवढी रुंद, तर कुठे हातभर, दोन्ही बाजूंना खाली पाणी. मध्येच माणसाएवढे दगड आडवे येतात, त्यांवरून बसून सरकावं लागतं. चिलाटीचे काटे उलटे असतात. ते कापडात शिरले की पुढे जाऊन सुटत नाहीत, मागे यावं लागतं. दरवर्षी पावसाळ्यानंतर सगळी वाट गवताखाली गडप होते, म्हणजे दरवर्षी ती नव्याने शोधायची. मी दरवर्षी शपथ घ्यायचो की हे शेवटचं. आणि दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला दादाचा फोन आला की दुकान पोराच्या हवाली करून निघायचो. बायको म्हणायची, "इथे मुर्रीच्या देवळाच्या पाच पायऱ्या चढवत नाहीत, आणि तिकडे बरा जीव येतो!"

दादाला ती वाट कशी सापडायची? नावांनी. धारेवरच्या प्रत्येक वळणाला जुन्या गावातल्या कुणाचं तरी नाव होतं. पहिला चढ संपतो तिथे काशीबुढीची बैठक. मोहफुलं वेचून परतताना ती तिथे दम खायची. पुढे सोनाईची खाच. तिथे सोनाई बाळंत झाली आणि पोर पदरात घेऊन स्वतःच्या पायांनी खाली उतरली. मग दोन भावांचा दगड. वाटणीवरून भांडलेले भाऊ देवाला तर जायलाच हवं म्हणून आले आणि त्या दगडावर एकमेकांकडे पाठ करून बसले. दादा प्रत्येक ठिकाणी थांबायचा, हात लावायचा, नाव मोठ्याने घ्यायचा, मग मान वर करून पुढचं ठिकाण शोधायचा. बारा वर्षांचा असताना उठलेलं गाव तो असं वर्षातून एकदा चालून यायचा. हे मला आज कळतं. तेव्हा मी त्याच्या मागे उभा राहून मोबाइलला रेंज आली का ते पाहत असे. "ऐकून राहिला न गा?" तो विचारायचा. "हो हो, ऐकतोय," मी म्हणायचो. पायाखालची वाट असलेला माणूस पुढे असला की मागच्याला लक्ष देण्याचं काय कारण!

मग माझ्या हातून ती गोष्ट घडली. चार वर्षांपूर्वीची. दादाला नुकताच दम लागू लागला होता; चढावर उभा राहून छातीवर हात ठेवायचा आणि "काही नाही, काही नाही" म्हणायचा. मला वाटलं, याचं शोधाशोधीचं तरी चालणं वाचवावं. दुकानात रंगाचे डबे पडलेलेच असतात. मी लाल ऑइल पेंटचा डबा आणि दोन इंची ब्रश घेतला, दादाच्या दोन दिवस आधी गुपचूप गेलो, डोंगेवाल्याला सांगितलं की दादाला बोलू नको, आणि दोन भावांच्या दगडापर्यंत, म्हणजे मला येत होती तेवढ्या वाटेवर, दर वीस पावलांवर दगडावर बाण काढला. चांगले ठसठशीत बाण. पुढचे दादाबरोबर जाताना काढू, असं ठरवून डबा तिथेच झुडपात ठेवून आलो. स्वतःवर इतका खूश होतो की परतताना डोंग्यात गाणं म्हटलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दोन दिवसांनी दादा आला, पहिला बाण पाहून थांबला. "हे कोणं केलं?" मी फुशारकीनं म्हटलं, "मीच. आता डोळे मिटून चाल." तो पुढे गेला. दुसरा बाण पाहिला, तिसरा पाहिला. मग खाली बसला, एक धारदार गोटा उचलला आणि बाण खरवडू लागला. मी म्हणालो, "दादा, काऊन खराब करून राहिला? चांगल्या कंपनीचा रंग आहे!" तेव्हा त्याने वर पाहिलं. इतका रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "बाण पाहून चालला माणूस, त कोणाचं नाव घेईन तो? आं? काशीबुढीचं नाव घेईन का तुया रंगाचं?" मलाही राग आला. तुझ्याच छातीसाठी केलं, हे रान तुला एक दिवस गिळेल, असं बरंच काही मी बोललो. त्याने ऐकलं आणि खरवडत राहिला. एकेक बाण, दिवसभर. मी थोडा वेळ बाजूला उभा राहिलो आणि मग त्याला तिथेच सोडून खाली उतरलो, डोंग्यातून काठाला आलो, बस पकडून गोंदियाला परतलो. त्या वर्षी लोंब्या देवाला एक दिवस उशिरा पोचल्या. तो एकटा दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला, हे मला नंतर कळलं.

दोन वर्षं मी गेलो नाही. त्याने फोन केला नाही असं नाही, केला. मीच दुकानाचं कारण सांगितलं. लग्नकार्यात भेटायचो, "बरा हायेस?" "बरा आहे" एवढंच. माणूस किती कशावरून रुसू शकतो! मी लाल रंगाच्या चाळीस बाणांवरून दोन वर्षं माझ्या भावावर रुसलो होतो.

गेल्या वर्षी दसरा होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा त्याचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "सुरेस, येतो का गा? औंदा एकट्यानं होत नाही." त्या 'होत नाही'ने माझा रुसवा गेला. कारण हा माणूस आयुष्यात कधी होत नाही म्हणाला नव्हता. नागपूरच्या डॉक्टरने चढायला साफ मनाई केली होती. ते त्याने मला डोंग्यात बसल्यावर सांगितलं, परतायची सोय उरली नाही तेव्हा. आम्ही फार हळू चढलो. काशीबुढीच्या बैठकीवर तो काशीबुढीपेक्षा जास्त वेळ बसला असेल. दोन भावांच्या दगडाच्या थोडं पुढे, झाडोऱ्याच्या सावलीत, एक काळा सपाट दगड आहे. तिथे तो टेकला आणि उठला नाही. ओठ निळसर दिसत होते. त्याने लोंब्यांची जुडी माझ्या हातात दिली. "अठून पुढं तू जा. मी बसतो." पुढची नावं त्याने मला सांगितली, चार. दोनदा सांगितली. मी मान हलवली, पण माझं सगळं ध्यान त्याच्या ओठांवर होतं.

पहिली दोन ठिकाणं सापडली. त्या काळ्या दगडापासून धार विळ्यासारखी वळत जाते, आणि वळणाच्या टोकाला कुल्लूचं एक मोठं झाड आहे. कुल्लूचं खोड पांढरंफटक असतं, ते लांबून दिसतं. त्याच्यापुढे बांबूची बेटं. आत रानडुकरांच्या तीन वाटा फुटलेल्या, तिन्ही सारख्या. तिसरं नाव मला आठवेना, आणि नावाशिवाय पुढे काय शोधायचं, दगड की खाच, तेच कळेना. एका वाटेने गेलो, ती सरळ कड्यावर निघाली. पायाखालचा मुरूम सुटला आणि मी एका बांबूला धरून लोंबलो. खाली पाणी दिसत होतं. दुसऱ्या वाटेत चिलाटीने असं धरलं की सुटायला पाव तास लागला. तिसरीत शिरायचं धैर्य झालं नाही. भ्यालो मी, सरळ शब्दांत. परत कुल्लूपाशी आलो, जुडी त्याच्या मुळाशी ठेवली, हात जोडले. आणि मग जे केलं ते अस्सल दुकानदाराचं डोकं: लगेच परतलो तर दादाला कळेल, म्हणून तिथेच पलीकडच्या पाण्याकडे तोंड करून बसलो. देवापर्यंत जाऊन यायला लागतो तेवढा वेळ. घड्याळ लावून.

परतलो तेव्हा दादा तसाच बसलेला होता. "पोचला?" त्याने विचारलं. "पोचलो." "मोहाचं झाड उभं हाये न?" "हो, उभं आहे." "देवाले काय मागितलं?" "तुझी तब्येत मागितली..." दादाने पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. मी पीत असताना तो माझ्या पॅंटीला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत राहिला.   मला वाटलं, आजारी माणसाला कशाला दुखवायचं, पुढे सांगू.

पुढे म्हणजे कधी? उन्हाळ्यात पळसटोलीत एक लग्न होतं. मांडवात दादा खुर्चीवर बसलेला, येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, "पहाडीचा रस्ता आता सुरेसले ठाऊक हाये. मायं काम झालं." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटत होतं की अख्खा मांडव माझ्याकडे बघतोय. मी मूग गिळून बसलो. जेवणानंतर दोघंच होतो, तेव्हाही बोललो नाही. मग एकदा फोनवर त्याची खोकल्याची उबळ ऐकली आणि ठरवलं, या रविवारी जाऊन सांगायचंच. त्या रविवारी गोंदियात जोराचा पाऊस होता, मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला.

तेरवीला गेलो तेव्हा पंगत उठल्यावर गावचे पोलीस पाटील आणि आणखी चार जण माझ्याजवळ येऊन बसले. "हलका धान निसवला हाये. यंदा सारं गाव येते मने तुमच्यासंग. पोरं बी. दामाजीनं सांगूनच ठेवलं होतं, सुरेसभाऊ नेतील." मी "हो, बघू" म्हणालो आणि हात धुवायच्या निमित्ताने परसात जाऊन उभा राहिलो.  अख्खं गाव, लहान पोरांसकट, त्या धारेवर माझ्या मागे! आणि मला कुल्लूच्या पुढे एक पाऊल ठाऊक नाही.

मग वहिनींना सांगितलं. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं, बांबू, तिन्ही वाटा, घड्याळ, "पोचलो" हा शब्द. सांगता सांगता मला रडू आलं. वहिनींचं सूप थांबलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मंग शोधा न भाऊजी. अठी रडून काय सापडते?" आणि थोड्या वेळाने, "उद्या सकाळी चला. मी बी येईन संगं."

वहिनी पासष्टीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा जुनं गाव बुडालेलं होतं. टापूवर त्या कधी गेल्या नव्हत्या. सकाळी त्या डोंग्यात बसल्या, पदर खोचला, आणि रबरी चप्पल घालून तो चढ माझ्यापेक्षा बऱ्या चढल्या. धानाच्या रोवणीत आयुष्य गेलेल्या बाईला चिखलाचं काय! गवत छातीएवढं होतं. मी काठीने ते बाजूला करत एकेक ठिकाण शोधत होतो, नाव घेत होतो, आणि एकदा चुकलो तर त्यांनीच सुधारलं. चाळीस वर्षं घरात ऐकलेली नावं, त्यांना तोंडपाठ होती. दोन भावांचा दगड आला. मग तो काळा सपाट दगड. मी उभाच राहिलो.

"अठीच बसले होते का?" वहिनींनी विचारलं.

मी मान हलवली.

"मंग बसा तुमी बी."

मी त्या दगडावर कधी बसलो नव्हतो; आम्ही नेहमी त्याच्या शेजारून पुढे जायचो. बसलो. आणि समोर पाहिलं... धार तिथून विळ्यासारखी वळते हे मी आधी सांगितलं. त्या विळ्याच्या या टोकाला हा दगड, आणि त्या टोकाला, मधल्या पाण्याच्या पलीकडे, अगदी डोळ्यांसमोर, पांढरं कुल्लूचं झाड. त्याच्या मुळाचा उघडा दगडही दिसत होता. आडोसा म्हणून काही नव्हतं. एखादा माणूस तिथे उभा राहिला, बसला, मनगट वर करून घड्याळ पाहिलं, तर तेही इथून दिसलं असतं.

"वहिनी, त्याला..."

"घरी आल्या आल्या सांगतलं मले," त्या म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पाण्याकडे बघत होत्या. "मने, सुरेस कुल्लूपाशी बसून होता बिचारा. लय वेळ बसला. मी मनलं, मंग त्याले बोलले काऊन नाही? त मने, बोललो असतो त तो फिरून आला नसता. त्या रंगाच्या पायी माये दोन वर्सं गेले न." त्यांनी पदर पुन्हा खोचला. "मी मनलं, मंग गावाले कायले सांगून राहिले, का त्याले रस्ता ठाऊक हाये मनून? त मने, गाव मांगं लागन त जाईन तो. आपल्या पायानं जाईन."

 दादाकडे उरली होती ती वर्षं मोजकी होती, हे त्याला ठाऊक होतं. त्यातलं एकही त्याला पुन्हा माझ्या रुसव्यात घालवायचं नव्हतं. म्हणून त्याने देवाच्या लोंब्या अर्ध्या वाटेवर राहू दिल्या, माझं खोटं गिळलं, आणि माझ्या पॅंटीची कुसळं काढली. बाणांसाठी ज्याने दिवसभर दगड खरवडला, तो माझ्या खोट्यासाठी एक शब्द बोलला नाही.

"उठा आता," वहिनी म्हणाल्या. "ऊन चढून राहिलं. तिसरं नाव मले ठाऊक हाये."

त्या काठी घेऊन पुढे निघाल्यासुद्धा. मी मात्र आणखी थोडा वेळ त्या दगडावर बसून राहिलो. सकाळच्या तिरप्या उन्हाने दगड कोमट झाला होता. समोर कुल्लूच्या झाडाखाली कुणी नव्हतं, पण मला तिथे एक माणूस दिसत होता, माझ्याकडे पाठ करून बसलेला, दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहणारा. आणि मला वाटत होतं की त्याला इथून मोठ्याने हाक मारावी.